लग्नाच्या शूटिंगचा विसार देताय? आधी एवढं विचारून घ्या

तुळशीचं लग्न लागलं की नांदेड-लातूरकडं माणसं कामाला लागतात. आधी कार्यालय धरायचं, मग आचारी, मग मंडपवाला, मग बस्ता. बस्त्याला दोन्हीकडची मिळून वीस-पंचवीस माणसं जातात आणि एका शालूवर दोन तास घासाघीस चालते. आणि शूटिंगवाला? तो फोनवर ठरतो. "मागच्या महिन्यात पाव्हण्यांच्या लग्नात होता ना, त्यालाच सांगा," एवढ्यावर. फार तर त्याचे इन्स्टाग्रामवरचे दोन-चार रील बघितले जातात, पॅकेज कितीचं हे विचारलं जातं, पाच-दहा हजार विसार जातो आणि विषय संपतो.

आमच्याकडंही असाच संपला होता. मावसभावाचं लग्न, लातूर जिल्ह्यातच. सिनेमॅटिक पॅकेज होतं, दोन कॅमेरे होते, ड्रोन होता. व्हिडिओ आला तो दिसायला एकदम झकास. लग्नात आज्जीनं नव्या सुनेची ओटी भरताना तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं होतं आणि आजूबाजूच्या सगळ्या बायका खळखळून हसल्या होत्या. सात-आठ महिन्यांनी आज्जी गेली. तेव्हा कुणीतरी म्हणालं, शूटिंगमध्ये तिचा आवाज असेल की. व्हिडिओ लावला. आज्जी होती, पण पंधरा-सोळा सेकंद, स्लो मोशनमध्ये, आणि वरून हिंदी गाणं. ओठ हलतायत, ऐकू काहीच येत नाही. स्टुडिओला फोन केला तर उत्तर आलं, मूळ डेटा कधीच उडवला, हार्ड डिस्क पुढच्या ऑर्डरला लागली. त्याला दोष द्यावा तर कागदावर काही ठरलंच नव्हतं. असं काही ठरवायचं असतं हे आम्हालाही माहीत नव्हतं.

म्हणून हा लेख.

ट्रॅडिशनल, कँडिड, सिनेमॅटिक म्हणजे नेमकं काय

ज्यांची लग्नं नव्वदच्या दशकात झाली त्यांना ते शूटिंग आठवत असेल. खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा, मागं एक पोरगा हॅलोजनचा दिवा धरून, त्याच्या मागं दुसरा पोरगा वायर सांभाळत. पंगतीत दिवा तोंडावर आला की घास तोंडातच राहायचा. नंतर मिक्सिंगमध्ये बदामाच्या आकारात नवरा-नवरी, गुलाबाच्या पाकळ्या आणि कुठलंही गाणं कुठंही. त्याची चेष्टा पुष्कळ झाली. पण त्या तीन तासांच्या कॅसेटमध्ये सगळं लग्न ओळीनं असायचं, बऱ्याच ठिकाणी मूळ आवाजासकट.

२००८ मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यावर सिनेमासारखा व्हिडिओ काढता यायला लागला. मागचं सगळं धूसर, पुढचा चेहरा लख्ख. हळूहळू गिंबल आलं, ड्रोन आला, आणि जिल्ह्याच्या गावातला स्टुडिओही 'फिल्म्स' झाला.

आता पॅकेजमध्ये हे शब्द येतात. ट्रॅडिशनल म्हणजे सगळे विधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ओळीनं. कँडिड म्हणजे समोर बघायला न लावता टिपलेले क्षण. हा शब्द मुळात फोटोचा, पण व्हिडिओलाही लावतात. सिनेमॅटिक म्हणजे निवडक शॉट जुळवून, रंग चढवून, गाण्यावर बसवलेली चार ते दहा मिनिटांची फिल्म. टीझर म्हणजे त्याहून छोटं, आणि रील म्हणजे मोबाईलसाठी उभं.

इथंच पहिली गडबड होते. सिनेमॅटिक घेतलं म्हणजे ट्रॅडिशनल त्यात आलंच, असं घरची माणसं धरून चालतात. तसं नसतं. दोन्हीला वेगळा माणूस आणि वेगळा कॅमेरा लागतो. एकच माणूस गिंबल घेऊन नवरीभोवती गोल फिरत असेल तर त्याच वेळी अंतरपाटामागचा मामा आणि अक्षदा टाकणारी आत्या कोण टिपणार? बजेट कमी असेल आणि एकच काहीतरी निवडायचं असेल, तर माझं मत सरळ आहे: ट्रॅडिशनल घ्या. त्यातून पुढं कधीही चार मिनिटांची फिल्म काढता येते. चार मिनिटांच्या फिल्ममधून लग्न परत काढता येत नाही.

रील ज्याची बघितली, तोच येणार आहे का?

लग्नाच्या तारखा मोजक्याच असतात. चातुर्मासात लग्नं नाहीत, गुरू-शुक्राचा अस्त असला की मुहूर्त नाहीत, आणि मग शाळेच्या सुट्ट्या धरून सगळे एप्रिल-मेवर येतात. मोठी तिथी असली की एकाच दिवशी नांदेडपासून देगलूर-मुखेडपर्यंत आणि लातूरपासून उदगीर-निलंग्यापर्यंत कार्यालयं भरलेली असतात. अशा तिथीला चालता स्टुडिओ तीन-चार ऑर्डरी घेतो. मालकाकडं स्वतःची माणसं दोन. बाकीचे रोजावर येतात, कधी परभणीहून, कधी हैदराबादहून. त्यात वाईट काही नाही, हा धंदा असाच चालतो, आणि रोजावर येणाऱ्यांत उत्तम हात असलेली पोरंही असतात. पण तुम्ही ज्याचं काम बघून विसार दिला तो माणूस तुमच्या मांडवात नसू शकतो.

म्हणून विचारायचं ते असं: आमच्या लग्नाला कोण येणार, किती माणसं, कुणाच्या हातात कोणता कॅमेरा. मालक स्वतः येणार असेल तर तसं लिहून घ्या. आणि काम बघायचं तर रील बघू नका. रीलमध्ये प्रत्येकाचं काम चांगलंच दिसतं, कारण पन्नास लग्नांतले पन्नास शॉट असतात. त्याला म्हणा, गेल्या मोसमातल्या एकाच लग्नाचं पूर्ण शूटिंग तुमच्या दुकानात बसून दाखवा, त्या घरच्यांची हरकत नसेल तर. त्यात तीन जागा बघा. मंगलाष्टकांचा आवाज स्वच्छ आहे का. रात्रीच्या वरातीत चेहरे ओळखू येतात का. आणि एलईडीच्या माळा किंवा स्टेजमागची स्क्रीन दिसते तिथं चित्रावर काळे पट्टे सरकतायत का.

ते पट्टे का येतात? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही. कॅमेरा सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवला तर ताळमेळ बसतो. ३० किंवा ६० वर ठेवून शटरही तसंच ठेवलं तर पट्टे दिसायला लागतात. स्वस्तातल्या माळा कधी कधी काहीही केलं तरी पट्टे देतात, पण पूर्ण व्हिडिओभर ते दिसत असतील तर माणूस कच्चा आहे असं समजा.

आपल्याकडचं आणखी एक. पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो. नवरदेव परण्या निघतो, मारुतीच्या देवळापर्यंत घोड्यापुढं नाच चालतो, आणि प्रत्यक्ष अक्षदा पडतात दोन-अडीचला. मध्ये पुढाऱ्यांचे सत्कार, आशीर्वादाची भाषणं. पॅकेज मात्र 'आठ तास' असतं. सकाळी आठला हळदीपासून कॅमेरा सुरू केला तर पाठवणीच्या वेळी तास संपलेले असतात आणि त्या घाईत कुणालातरी म्हणावं लागतं, थांबा थोडं, वरचे पैसे देतो. त्यापेक्षा तास न मोजता कार्यक्रम मोजा: हळद, परण्या, लग्न, पंगत, पाठवणी, सत्यनारायण. यातलं काय पॅकेजमध्ये आहे, काय नाही. साखरपुडा किंवा कुंकवाचा कार्यक्रम आधीच झाला असेल तर त्याचं शूटिंग याच्यात जोडून मिळणार का, तेही.

आणि एक यादी द्या. स्टेजवर चढणारा प्रत्येक नेता शूटिंगवाल्याला ओळखीचा असतो, तुमची थोरली आत्या नसते. दहा-बारा माणसांची नावं, आणि घरातला एक जाणता पोरगा दिवसभर शूटिंगवाल्याबरोबर. "हे आजोबा, हे मामा, ही शाळेतली मैत्रीण." एवढं केलं तरी अर्धं काम झालं. नवरीकडचा आणि नवरदेवाकडचा असे दोन शूटिंगवाले येणार असतील तर त्यांची आदल्या दिवशी फोनवर गाठ घालून द्या. नाहीतर ऐन मंगलाष्टकांत दोघं एकमेकांच्या फ्रेममध्ये आणि वऱ्हाडाला दिसतात फक्त त्यांच्या पाठी.

डेटा का उडवतात?

स्टुडिओवाले मुद्दाम उडवत नाहीत. साधा हिशेब बघा. फोर-केमध्ये १०० एमबीपीएसनं शूट केलं तर एका तासाला साधारण ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे सहा तास चालले की ५४० जीबी. एका तिथीची चार लग्नं म्हणजे दोन टीबीच्या वर. मोसमभराचं सगळं ठेवायचं तर त्याला डिस्कच्या थप्प्या लागतील. म्हणून व्हिडिओ दिला, उरलेले पैसे आले, की काही महिन्यांत मूळ फाइली जातात.

उपाय स्वस्त आहे. एक टीबीची हार्ड डिस्क तुम्ही विकत आणून द्या आणि सगळा मूळ डेटा त्यात घ्या. हे विसार देतानाच बोला, कारण काही जण मूळ डेटाचे वेगळे पैसे लावतात आणि काही देतच नाहीत. व्हिडिओ मिळाल्यावर आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा, माहेरी म्हणा. पेन ड्राइव्ह कायमची साठवण म्हणून धरू नका, आणि सुंदर खोक्यात मिळते ती डीव्हीडी तर आता लावायला यंत्र सापडत नाही.

शूटिंगच्या दिवशीचा धोका वेगळा. कार्ड बिघडणं, हरवणं, चुकून फॉरमॅट होणं. चांगल्या कॅमेऱ्यांत दोन कार्डं बसतात आणि दोन्हीवर एकाच वेळी रेकॉर्डिंग होतं. तुमच्याकडं येणारा कॅमेरा तसा आहे का, आणि असला तर ती सोय चालू ठेवता का, हे विचारा. चुकून कार्ड फॉरमॅट झालंच, तर त्यावर पुढं एकही शॉट घ्यायचा नाही. नवीन काही त्यावर लिहिलं गेलं नाही तोवर जुनं परत मिळण्याची शक्यता बरीच असते.

आणि आवाज. आमच्या आज्जीच्या गोष्टीत खरा घोटाळा तोच होता. कॅमेऱ्यावरचा माइक डीजे आणि जनरेटर आधी ऐकतो, माणसं नंतर. मंगलाष्टकांसाठी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घेता येतो, किंवा गुरुजींच्या उपरण्याला एक छोटा माइक लावता येतो. ओटी, पाठवणी या वेळी दहा मिनिटं गाणं बंद ठेवायला सांगणं हे घरच्यांचंच काम. आणि शेवटी व्हिडिओ घेताना एक प्रत गाणी न लावता, मूळ आवाजात मागा. एडिटिंगवाल्याला त्याचं फारसं काम पडत नाही.

व्हिडिओ कुणाच्या मालकीचा?

बहुतेकांना वाटतं, ज्यानं काढला त्याचा. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ उलटं सांगतं. एखाद्यानं पैसे देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून फोटो किंवा फिल्म बनवून घेतली असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो सांगणारा असतो. म्हणजे तुम्ही. स्टुडिओनं तुमच्या बहिणीची नाचतानाची रील न विचारता स्वतःच्या पेजवर टाकली तर 'आमचं काम आहे' हे उत्तर पुरेसं नाही.

पण 'वेगळा करार नसल्यास' हे शब्द महत्त्वाचे. पावतीच्या मागं बारीक अक्षरात 'जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे राहील' असं छापलेलं असू शकतं, आणि खाली तुमची सही. ते वाचा, नको असेल तर खोडून दोघांच्या सह्या करा. मधला मार्गही आहे. नवरा-नवरीला दाखवून, त्यांनी हो म्हटलेलीच क्लिप टाकायची. नव्या पोरांना काम मिळतं ते अशा क्लिपांवरच, तेव्हा सरसकट नाही म्हणण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

गाण्याचं काय? लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. त्यात लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी जोडलेले इतर सोहळे असा स्पष्ट उल्लेख आहे. पण ही सूट तिथं वाजवण्यापुरती. तेच गाणं लावलेली फिल्म यूट्यूबवर चढवली की आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच अडवला जातो, ते यामुळं. लाइव्ह प्रक्षेपण ठेवणार असाल तर आधीच लक्षात घ्या. पुण्या-मुंबईतली किंवा परदेशातली मंडळी बघत बसतात आणि परण्याचा डीजे सुरू झाला की प्रक्षेपण गायब.

ड्रोन उडवायचाय, पण कुठं?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर लागतं. आणि जागेचा प्रश्न वेगळाच. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आठ ते बारा किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मुभा आहे. नांदेडचं विमानतळ शहराला चिकटून आहे. त्यामुळं शहरातली कार्यालयं आठ किलोमीटरच्या आतच मोडतात. लातूरचं विमानतळ शहराबाहेर आहे, तरी त्या बाजूच्या कार्यालयांना नकाशा बघावाच लागेल. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे दिसतात. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय मोठ्या नेत्याचा दौरा किंवा एखादा सोहळा असला की ड्रोनवर तात्पुरती बंदी येते. परवानगी कोण काढणार, आणि ड्रोन उडालाच नाही तर पैसे किती कमी होणार, एवढं आधी ठरलेलं बरं.

प्री-वेडिंगसाठी कंधारचा किल्ला, औसा, उदगीर, खरोसा लेणी, सहस्रकुंड या जागा नेहमीच्या झाल्यात. किल्ले-लेण्यांत कॅमेरा घेऊन गेलं की पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचा प्रश्न येतो. सहस्रकुंडला पाणी असताना खडकावर उभं राहायचा हट्ट करू नये, एवढं फोटोग्राफरनं नाही सांगितलं तरी घरच्यांनी सांगावं.

पैसे आणि कागद

समजा ६० हजार ठरले. सगळे आधी देऊ नका, आणि सगळे शेवटपर्यंत दाबूनही ठेवू नका. विसार १५ हजार, लग्नाच्या दिवशी २५, आणि उरलेले २० व्हिडिओ-अल्बम हातात आल्यावर, असं काहीतरी बसतं. रोजावरच्या पोरांना त्याला त्याच दिवशी पैसे द्यावे लागतात, म्हणून मधला हप्ता मोठा. स्टुडिओवाल्यांचीही एक तक्रार खरी आहे. अल्बमचे फोटो निवडून द्यायला घरचे सहा-सहा महिने लावतात आणि मग 'अजून झालं नाही का' म्हणून ओरडतात. तेव्हा तारखा दोन्हीकडच्या लिहा. तुम्ही फोटो किती दिवसांत निवडून देणार, तो त्यानंतर किती दिवसांत काम देणार, दुरुस्त्या किती वेळा करून देणार.

बिलावर १८ टक्के जीएसटी लावला असेल तर जीएसटी नंबर बघा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी घेता येत नाही.

फार कायदेशीर भाषा लागत नाही. एका कागदावर तारीख, कार्यक्रम, माणसं, कॅमेरे, काय काय मिळणार, मूळ डेटा, पैसे, उशीर झाल्यास काय, आणि दोघांच्या सह्या. तेही जमत नसेल तर हेच मुद्दे व्हॉट्सॲपवर टाका आणि त्याचं 'ओके' येऊ द्या. पैसे शक्यतो यूपीआयनं द्या, म्हणजे नोंद राहते. ते चॅट मोबाईल बदलताना उडणार नाही याची काळजी घ्या.

जेवायच्या वेळी शूटिंगवाल्यांना पंगतीत बसवा, हेही आधीच कुणालातरी सांगून ठेवा. सकाळपासून उभी असलेली पोरं चार वाजता उपाशी असतात आणि पाठवणी त्यांनाच टिपायची असते.

व्हिडिओ दिलाच नाही तर?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ही सेवेतली त्रुटी ठरते. आधी लेखी नोटीस द्या, मुदत घाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, बऱ्याच गोष्टी तिथंच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. नांदेडला आहे, लातूरलाही आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यानं आणखी एक सोय केली. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे स्टुडिओ पुण्याचा किंवा हैदराबादचा असला तरी तुम्ही लातूरलाच दाद मागू शकता. केरळच्या एर्णाकुलम जिल्हा आयोगानं लग्नाचा व्हिडिओ न देणाऱ्या स्टुडिओला घेतलेले पैसे परत करून वर भरपाई द्यायला लावली आहे.

मुदत दोन वर्षांची असते, तक्रारीचं कारण घडल्यापासून. 'देतो, देतो' म्हणत दोन दिवाळ्या सहज निघून जातात, तेव्हा व्हिडिओ द्यायची तारीख कोणती ठरली होती ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.